जिती मरळ

मुलांनो, मासे म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? समुद्र, होड्या, जाळी आणि नारळाची झाडं, हो ना? मालवण-रत्नागिरीकडच्या मुलांना तर सुरमई, हलवा, रावस, घोळ ही नावं पाढ्यांच्या आधी पाठ होत असतील! पण आमचं साखरखेर्डा पडलं बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यात. इथून समुद्र गाठायचा तर चारशे किलोमीटरहून जास्त रस्ता तुडवावा लागतो. इतिहासाची आवड असलेल्यांनी आमच्या गावाचं नाव ऐकलं असेल. १७२४ साली निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांची मोठी लढाई इथे झाली. निजाम जिंकला आणि पुढे हैदराबादचं राज्य उभं राहिलं. गावात पलसिद्ध महास्वामींचा मठ आहे, प्रल्हाद महाराजांचं संस्थान आहे, आणि गळ्यात तुळशीची माळ असलेली माणसं तर गल्लोगल्ली भेटतात.

तुम्ही म्हणाल, "मग अशा गावात मासे कोण खातं?" खातात, बरं का! देऊळगाव मही इथे खडकपूर्णा नदीवर धरण आहे. त्याच्या जलाशयाला संत चोखासागर असं नाव दिलंय, कारण चोखोबांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जाणारं मेहुणा राजा त्याच देऊळगाव राजा तालुक्यात आहे. अशी धरणं, गावतळी, नदीनाल्यांचे डोह यांतून रोहू, कटला, मृगळ, वाम असे गोड्या पाण्यातले मासे बाजारात येतात. आणि त्या सगळ्यांत मानाचा मासा म्हणजे मरळ. आज तुम्हांला या मरळीबद्दलच सांगायचं आहे. ती घरी कशी करायची, ते तर सांगणारच. पण त्याच्या आधी एक अवघड गोष्टही सांगणार आहे.

मरळ दिसायला लांबट, गोल, काळपट-हिरवी. डोकं चपटं आणि खवल्यांनी झाकलेलं, अगदी सापासारखं. म्हणून इंग्रजीत तिला 'स्नेकहेड' म्हणतात. पहिल्यांदा पाहणारा दचकतोच! पण आतलं मांस पांढरंशुभ्र आणि घट्ट असतं, आणि त्यात बारीक काटे जवळजवळ नसतातच. रोहू-कटल्याच्या मांसात इंग्रजी 'वाय' अक्षरासारखे दुबेळके काटे लपलेले असतात. ते निवडता निवडता लहान मुलं रडकुंडीला येतात. मरळीत मधला कणा आणि त्याला लागून असलेले मोठे काटे, बस. म्हणून आमच्याकडे मूल पहिल्यांदा मासा खाऊ लागतं, ते बहुतेक मरळीवर.

आता गंमत ऐका. बहुतेक मासे फक्त कल्ल्यांनी पाण्यातला प्राणवायू घेतात. मरळीचं तेवढ्यावर भागत नाही. तिच्या कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते. ती मधूनमधून पाण्यावर येते, तोंडाने हवेचा घोट घेते आणि पुन्हा खाली जाते. तिला जाळ्यात अडकवून पाण्याखालीच धरून ठेवलं, तर ती चक्क गुदमरते. मासा आणि पाण्यात बुडून मेला! आहे की नाही नवल? उन्हाळ्यात तळी आटतात, तेव्हा ती ओल्या चिखलात दडून दिवस काढते. आणि पाण्याबाहेर काढली, तरी अंग ओलं राहिलं तर कितीतरी तास जगते.

म्हणूनच बाजारात ती जिवंत मिळते. आमच्या आठवडी बाजारात भोई समाजाच्या एक मावशी बसतात. त्यांच्यापुढे पसरट घमेलं, त्यात चार बोटं पाणी आणि पाण्यात मरळी. गिऱ्हाईक थांबलं की मावशी म्हणतात, "जितीच हाय ताई, पाहा कशी वळवळते!" जिती म्हणजे जिवंत. जिती आहे म्हणजे ताजी आहे, यात शंकाच नको. म्हणून लोक जिती मरळ पिशवीत घालून घरी नेतात.

आणि इथेच ती अवघड गोष्ट येते. मागे एकदा आमच्याकडे पाहुणे आले, ते हौसेने मोठी मरळ घेऊन आले. प्लॅस्टिकची पिशवी ओट्यावर ठेवली आणि चहा-गप्पा सुरू झाल्या. तासाभराने पिशवी अजून हलतच होती. माझी धाकटी सातवीत आहे. ती पिशवीपाशी उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, "आई, हिला कळतंय का गं?" मला पटकन उत्तर सुचेना.

उत्तर आलं ते आजीकडून, म्हणजे माझ्या सासूबाईंकडून. त्या माळकरी. पन्नास वर्षांत त्यांनी मासा-मटणाला बोट लावलेलं नाही. त्या माजघरातून बाहेर आल्या आणि पाहुण्यांना म्हणाल्या, "काहून तडफडू देता त्याले? एक तर पाण्यात टाका, नाही तर सुटका करा त्याची. तुमचा चहा होईलोक त्यानं काय करावं?"

सगळे गप्प झाले. ज्या बाईने माशाची चवही कधी घेतली नाही, तिनेच त्याची बाजू घेतली. मुलांच्या बाबांनी लगेच मरळ बादलीत सोडली, आणि मग फार वेळ न लावता पुढचं काम केलं.

तेव्हापासून आमच्या घरी नियम झाला, की जिती मरळ पिशवीतून घरी आणायची नाही. मावशींना सांगायचं, "तुम्हीच द्या करून." त्यांचा हात सराईत आहे. जाड लाकडी दांडक्याचा डोक्यावर, डोळ्यांच्या जरा मागे, एकच नेमका घाव. मासा तिथेच निपचित पडतो. मग त्या लगेच कापतात. हे काम मोठ्यांचं आणि सराईत माणसाचंच आहे. मुलांनी ते करायचं नाही. पण ते असं होतं, हे मुलांना ठाऊक असावं, असं मला वाटतं. ताटात तुकडा येतो, तेव्हा त्याच्या मागे काय झालं ते लपवून काय मिळणार?

यात आणखी एक गोष्ट आहे. मासा तडफडतो, तेव्हा त्याच्या स्नायूंमध्ये साठलेली शक्ती खर्च होऊन जाते. मग मेल्यावर त्याचं अंग लवकर ताठरतं, मांस लवकर मऊ पडतं आणि लवकर खराब होतं. जपानमधले कोळी हे जुन्या काळापासून जाणतात. चांगला मासा हाती आला, की ते अणकुचीदार सळीने त्याचा मेंदू एका क्षणात निकामी करतात. या पद्धतीला 'इकेजिमे' म्हणतात. अशा माशाला तिथे जास्त भावही मिळतो. म्हणजे आजी जे दयेपोटी म्हणाल्या, तेच जपानी आचारी चवीसाठी करतात. माशाचे हाल थांबवले की मांसही चांगलं राहतं!

हे मी धाकटीला समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मारलंच ना?" आजी म्हणाल्या, "हो बाई, मारलंच." यावर जास्त काही बोलणं झालं नाही. धाकटीने त्या दिवसापासून मासा खाणं सोडलं. तिचा दादा मात्र आवडीने खातो. आम्ही तिला कधी आग्रह केला नाही आणि तिनेही दादाला कधी टोचून बोललं नाही. ज्या दिवशी मरळ असते, त्या दिवशी आजी आणि ती दोघी पिठलं-भाकरी खातात.

आता स्वयंपाकाकडे वळू या. आमच्याकडे मरळ घरातल्या गॅसवर शिजत नाही. मागच्या अंगणात चूल आहे. तिच्यासाठी वेगळा बिडाचा तवा, वेगळा गंज, वेगळं उलथनं. गंज म्हणजे पातेलं, आमच्याकडचा शब्द आहे हा. बऱ्याच गावांत, जिथे घरात कोणी माळकरी असतं, तिथे अशीच सोय असते. कोणी कोणाला नावं ठेवत नाही. भांडी वेगळी ठेवली की मनं एकत्र राहतात, असं म्हणायला हरकत नाही.

आधी माशाची सफाई. मरळीच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, हातात धरली की निसटते. म्हणून चुलीतली राख किंवा जाडं मीठ चोळायचं. मग हाताला पकड येते आणि थरही निघून जातो. शेपटाकडून डोक्याकडे सुरीची पाठ फिरवायची, की खवले फटाफट सुटतात. उलट्या दिशेने फिरवली तर काही निघत नाहीत, करून पाहा! कल्ले आणि पर काढायचे. पोट उघडताना हिरवट रंगाची पित्ताची पिशवी दिसते, ती फुटू द्यायची नाही. फुटली तर तेवढा भाग कडूजहर होतो. पोटाच्या आत कण्याला लागून रक्ताची काळपट रेघ असते, ती चमच्याने खरवडून काढायची. वास तिथेच जास्त असतो. मग बोटभर जाडीचे आडवे तुकडे करायचे आणि दोन-तीन पाण्यांनी धुवायचे. विळी आणि सुरीचं हे काम आई-बाबांनी करायचं. तुम्ही पाणी ओता, राख आणून द्या.

आता मिठाची पाळी. एक किलोची मरळ असेल, तर तुकड्यांना दीड चमचा मीठ, अर्धा चमचा हळद आणि लिंबाएवढ्या चिंचेचा घट्ट कोळ चोळायचा आणि अर्धा तास ठेवून द्यायचं. जास्त वेळ नको. आंबटात फार वेळ राहिलं तर मांस वरून भुसभुशीत होतं.

पण चिंच का लावायची? याचं उत्तर मोठं छान आहे. तळ्यातल्या माशांना कधीकधी चिखलाचा वास येतो. तो चिखल लागल्यामुळे येत नाही. तळ्याच्या पाण्यातलं काही शेवाळ आणि काही सूक्ष्म जीव एक द्रव्य तयार करतात, ते माशाच्या अंगात मुरतं. त्याचं नाव जिऑस्मिन. १९६५ साली शास्त्रज्ञांनी ते वेगळं काढून त्याला हे नाव दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'मातीचा वास'. आणि गंमत म्हणजे, पहिल्या पावसानंतर जमिनीतून जो सुगंध दरवळतो, ज्यासाठी आपण खिडक्या उघडून बसतो, त्यातही हेच जिऑस्मिन असतं! पावसात तो आपल्याला हवाहवासा वाटतो आणि ताटात नकोसा. हे द्रव्य आंबटात टिकत नाही. म्हणून चिंच, लिंबू किंवा आंबट ताक. आपल्या आज्या-पणज्यांना हे नाव ठाऊक नव्हतं, पण उपाय ठाऊक होता.

किती जुना उपाय? सुमारे ११३० साली कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या सोमेश्वर तिसरा या राजाने 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राज्यकारभार आहे, खेळ आहेत, गळ टाकून मासे पकडण्याची माहिती आहे आणि स्वयंपाकही आहे. माशाचे तुकडे चिंचेच्या पाण्यात शिजवून, त्यांना गव्हाचं पीठ लावून तेलात तळावे, असं त्यात सांगितलं आहे. म्हणजे जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वीही तोच चिंचेचा कोळ आणि तेच पीठ!

अर्धा तास झाला की तुकड्यांना पाणी सुटलेलं दिसेल. मिठाने ते बाहेर ओढलेलं असतं. ते पाणी फेकून द्यायचं आणि तुकडे स्वच्छ कापडाने टिपून कोरडे करायचे. तळलेला मासा खरपूस व्हायचा की लिबलिबीत, हे इथेच ठरतं. कसं ते पाहा. पाणी १०० अंशांना उकळतं. जोवर तुकड्यावर पाणी आहे, तोवर तव्याची सगळी उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यात जाते, आणि तुकड्याचं अंग १०० अंशांच्या वर तापत नाही. खरपूस तांबूस रंग यायला मात्र १४० अंशांच्या आसपास तापमान लागतं. म्हणजे ओला तुकडा तव्यावर तळला जात नाही, उकडला जातो.

कोरड्या तुकड्यांना लसूण-आल्याचं वाटण, दोन चमचे तिखट आणि थोडी धनेपूड चोळायची. मग ज्वारीच्या पिठात घोळवायचे. तांदळाचं पीठ किंवा बेसनही चालतं. तवा चांगला तापला की तेल सोडायचं, आमच्याकडे शेंगदाण्याचं किंवा करडईचं असतं. तुकडे एकमेकांना न चिकटतील असे अंतर ठेवून मांडायचे. गर्दी केली तर सगळ्यांची वाफ कोंडते आणि पुन्हा उकडण्याचाच प्रकार होतो.

आता हात मागे बांधून उभं राहायचं! सुरुवातीला तुकडा तव्याला धरून ठेवतो. उलथनं घातलं तर साल तव्यावर आणि मांस उलथन्यावर अशी फाटाफूट होते. चार-पाच मिनिटं थांबलं, की खाली खरपूस पापुद्रा धरतो आणि तुकडा आपोआप सुटतो. उलथन्याने हलकेच ढकलून पाहायचं. सरकला तर उलटायचा, नाही तर आणखी अर्धं मिनिट थांबायचं. आमच्या घरी ही वेळ सगळ्यांत अचूक ओळखते ती धाकटी. खात नाही, पण चुलीपाशी येऊन बसते. म्हणते, "दादा, तो कोपऱ्यातला झाला. मधला राहू दे." आणि तिचं कधी चुकत नाही. तिला विचारलं, तर म्हणते, "आवाज बदलतो." खरंच आहे. सुरुवातीची जोराची चर्रचर्र म्हणजे पाणी उडून जाण्याचा आवाज. पाणी संपत आलं की आवाज बारीक होतो.

आतून शिजलं की नाही, हे कसं ओळखायचं? कण्याजवळ टोकदार काडी खुपसून जरा फाकवून पाहा. कच्चं मांस काचेसारखं अर्धपारदर्शक दिसतं, शिजलेलं दुधासारखं पांढरं. अंड्याचा पांढरा भाग गरम झाला की जसा पांढरा आणि घट्ट होतो, तसंच हे. तळ्यातला मासा पूर्ण शिजवूनच खायचा. गोड्या पाण्यातल्या माशांत जंतांची अंडी-पिल्लं असू शकतात, ती कच्च्या-पक्क्यातून पोटात जातात.

आणि मरळीचं मांस पांढरं का? बांगड्याचं तर लालसर असतं! बांगडा दिवसभर समुद्रात पोहत फिरतो. सतत काम करणाऱ्या स्नायूंना सतत प्राणवायू हवा, आणि तो साठवून ठेवणारं द्रव्य, मायोग्लोबिन, लाल रंगाचं असतं. मरळ तशी नाही. ती शेवाळात दबा धरून बसते. बेडूक किंवा लहान मासा जवळ आला की एकच झडप, खेळ खलास! अशा क्षणभराच्या कामाच्या स्नायूंत ते लाल द्रव्य फारच थोडं असतं. कोंबडीचं पाहा ना. ती उडते क्वचित, पण चालते दिवसभर. म्हणून तिच्या छातीचं मांस पांढरं आणि पायाचं गडद.

काही तुकडे आणि डोकं रश्श्यासाठी ठेवायचं. दोन कांदे चुलीत भाजायचे, वाटीभर सुकं खोबरं आणि चमचाभर खसखस भाजून घ्यायची, लसूण-कोथिंबीर घालून सगळं बारीक वाटायचं. गंजात तेल तापवून वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं. तिखट, हळद, धनेपूड, मीठ, चिंचेचा थोडा कोळ आणि गरम पाणी घालायचं. रस्सा खळखळून उकळला, की मगच तुकडे सोडायचे. माशाला शिजायला ८ ते १० मिनिटं पुरतात. मटणासारखं तासभर शिजवायची गरज नाही, कारण माशाला पाणीच उचलून धरत असतं. स्वतःचं वजन पेलण्यासाठी लागणारे चिवट धागे त्याच्या अंगात कमी असतात. चमच्याने ढवळायचं नाही. दोन्ही बाजूंनी फडक्याने गंज धरून हलकेच गोल हलवायचा. मरळ घट्ट असल्यामुळे एवढं सहज सोसते.

भाकरी ज्वारीची, शेजारी फोडलेला कांदा आणि लिंबू. रश्श्यात भाकरी कुस्करून खायची. आणि हो, मरळीत काटे कमी म्हणून बेसावध राहायचं नाही. खाताना बोलायचं नाही, तुकडा बोटांनी उघडून कण्याजवळचं मांस अलगद सोडवायचं. काटा घशात रुतलाच, तर सुक्या भाताचे गोळे गिळत बसू नका, त्याने काटा आणखी खोल जाऊ शकतो. घरात सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

तुमच्या गावात जिती मरळ मिळत नसेल, तर बर्फातला मासा घेताना तीन गोष्टी पाहा. डोळे फुगीर आणि चकचकीत हवेत, कल्ले लाल हवेत आणि बोटाने दाबलेला खड्डा लगेच भरून यायला हवा. कोकणात असाल, तर हीच कृती हलव्याच्या किंवा घोळीच्या तुकड्यांना लागू पडते. फक्त चिखलाच्या वासाचा प्रश्न तिथे नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. पावसाळ्यात आमच्याकडे मरळ येत नाही. आजींचा चातुर्मास असतो, आणि घरातले बाकीचेही निदान श्रावण पाळतात. पण त्याच दिवसांत मरळीलाही पिल्लं होतात. पाणवनस्पतींमध्ये जागा साफ करून ती अंडी घालते. अंडी पाण्यावर तरंगतात आणि आई-बाप दोघंही त्यांच्यावर पहारा करतात. पिल्लं लालसर रंगाची, शेकडोंनी एकत्र राहणारी. हवा घ्यायला सगळी वर आली, की पाण्यावर लालसर ढग हलल्यासारखं दिसतं. त्या ढगाखाली कुठे तरी त्यांचे आई-बाप असतातच, जवळ येणाऱ्या कशावरही धावून जायला तयार. तेव्हा त्यांना पकडणं सोपं असतं, कारण पिल्लांना सोडून ते पळून जात नाहीत. पण ते गेले की पिल्लांचा फडशा पडायला वेळ लागत नाही. म्हणून त्या महिन्यांत कोणी मरळ विकत असेल, तर आपण घ्यायची नाही. आजीच्या चातुर्मासाबद्दल तुम्हांला काहीही वाटो, तळ्यातल्या मरळींना तो नक्कीच सोयीचा आहे!

महाराष्ट्राने २०२३ साली पापलेटला राज्यमासा ठरवलं. शेजारच्या तेलंगणाचा राज्यमासा मात्र आपली मरळच आहे, तिथे तिला कोर्रमीनु म्हणतात. एकाच माशाची गावागणिक नावं बदलतात. तुमच्या गावात, तुमच्या मामाच्या गावात हिला काय म्हणतात? आजी-आजोबांना विचारा. आणि विचारता विचारता हेही विचारा, की त्यांच्या लहानपणी गावच्या तळ्यात तो लाल ढग दिसायचा का, आणि आता दिसतो का. दिसत असेल, तर येत्या पावसाळ्यात मोठ्यांना बरोबर घेऊन काठावरूनच बघून या.